सुहास पाटणकर यांचा संख्यात्मक द्रायुगतिकीवरील ग्रंथ आणि अभियांत्रिकी व्यवहार : एक चिकित्सा

गोषवारा

संगणकीय द्रायुगतिकी हे आज अभियांत्रिकी रचनेचे एक नित्याचे साधन झाले आहे. या साधनाला व्यवहार्य रूप देण्यात सुहास पाटणकर यांच्या 'न्यूमेरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो' (१९८०) या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या विचारसूत्राची चिकित्सा केली आहे. भौतिकदृष्ट्या संभवनीय उत्तर कोणत्याही जाळीवर मिळाले पाहिजे, हा या ग्रंथाचा आग्रह आहे. याच आग्रहामुळे ही विद्या अभियंत्यांच्या हाती आली. परंतु संभवनीय दिसणारे उत्तर हेच खरे उत्तर, असा समजही त्यातून व्यवहारात रूढ झाला. ग्रंथकाराने पहिल्याच प्रकरणात दिलेला इशारा मात्र मागे पडला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संगणकीय द्रायुगतिकी, सदृशीकरण, नियंत्रण-घनफळ, खोटे विसरण, संक्षोभ, पडताळणी, प्रमाणन.

१. प्रस्तावना

धरणाचा सांडवा असो, मोटारीचे इंजीन असो, की रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाचे वायुवीजन असो, पाणी किंवा हवा कोठून कशी वाहील याचा अंदाज बांधल्याशिवाय अभियंत्याचे काम पुढे सरकत नाही. द्रव आणि वायू यांना एकत्रितपणे 'द्रायू' म्हणतात. द्रायूंच्या गतीची मूलभूत समीकरणे नाविए आणि स्टोक्स यांच्या नावाने ओळखली जातात व ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध झाली. तथापि, अगदी साध्या भूमिती सोडल्यास ती कागद-पेन्सिलीने सुटत नाहीत. म्हणून प्रवाहाचे क्षेत्र लहान लहान कप्प्यांच्या जाळीत विभागून, प्रत्येक कप्प्यासाठी बैजिक समीकरण लिहून ती सर्व समीकरणे संगणकाकडून सोडवून घ्यावी लागतात. या विद्येस संगणकीय द्रायुगतिकी म्हणतात. व्यवहारात ती 'सीएफडी' या आद्याक्षरांनीच अधिक परिचित आहे. अशा गणनातून प्रत्यक्ष प्रवाहाची जी प्रतिकृती उभी राहते तिला सदृशीकरण, म्हणजेच सिम्युलेशन, असे संबोधले जाते.

या साधनाविषयी मराठीत जे थोडे लेखन होते ते बहुधा परिचयात्मक असते. साधनाचा विस्तार, त्यातून वाचणारा वेळ आणि खर्च यांचे वर्णन त्यात येते. साधनाने दिलेल्या उत्तरावर किती व का विश्वास ठेवावा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका ग्रंथाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ग्रंथाची निवड दोन कारणांनी केली आहे. एक म्हणजे, आजच्या अनेक संगणकप्रणालींचा पाया या ग्रंथातील पद्धतींत आहे. दुसरे म्हणजे, ग्रंथकर्त्याचे शिक्षण महाराष्ट्रात झाले असूनही त्यांच्या कार्याची चिकित्सक दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही.

२. ग्रंथाची पार्श्वभूमी

सुहास पाटणकर यांचा जन्म पुण्याचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी आणि मुंबईच्या आयआयटीतून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तेथे ब्रायन स्पाल्डिंग यांच्या मार्गदर्शनाखाली १९६७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

१९७२ मध्ये पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी 'सिंपल' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी गणनपद्धती प्रसिद्ध केली. असंपीड्य प्रवाहात वेगासाठी समीकरण असते, परंतु दाबासाठी स्वतंत्र समीकरण नसते. ही मूळ अडचण होती. या पद्धतीत आधी दाब अंदाजाने धरला जातो. त्यावरून वेग काढला जातो. त्या वेगाने प्रत्येक कप्प्यात येणारे आणि बाहेर जाणारे वस्तुमान जुळत नसेल, तर जी तफावत राहते तिच्यावरून दाबात दुरुस्ती केली जाते. तफावत नगण्य होईपर्यंत हीच आवर्तने चालू राहतात. हिशेबनीस ज्याप्रमाणे जमा-खर्च जुळेपर्यंत नोंदी तपासत राहतो, तसाच हा प्रकार आहे.

या काळाआधी अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत फ्रान्सिस हार्लो यांच्या गटाने या क्षेत्रात पायाभूत काम केले होते. हार्लो व वेल्श यांच्या १९६५ च्या निबंधातील परस्परांपासून अर्ध्या कप्प्याने सरकविलेल्या जाळ्यांची कल्पना पाटणकरांनी पुढे आपल्या मांडणीत स्वीकारली. १९८१ मध्ये स्पाल्डिंग यांच्या संस्थेने 'फिनिक्स' ही सर्वसाधारण वापराची व्यापारी संगणकप्रणाली बाजारात आणली आणि १९८३ मध्ये 'फ्लुएंट' आली. म्हणजेच पाटणकरांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला तो नेमक्या संधिकाळात. प्रयोगशाळेतील तज्ज्ञांची विद्या त्या वेळी कारखान्याच्या रचना विभागात प्रवेश करण्याच्या बेतात होती.

३. ग्रंथाचे स्वरूप व विचारसूत्र

ग्रंथ आकाराने लहान आहे. अवघी नऊ प्रकरणे आणि दोनशेच्या आत पृष्ठे. प्रास्ताविक, भौतिक घटनांचे गणिती वर्णन, खंडीकरणाच्या पद्धती, उष्णतेचे वहन, अभिसरण व विसरण, प्रवाहक्षेत्राचे गणन, अखेरचे संस्कार, विशेष विषय आणि शेवटी काही उपयोजने, असा त्याचा क्रम आहे. प्रमेये आणि सिद्धता यांचा पसारा त्यात नाही. एखाद्या समजूतदार शिक्षकाने फळ्यासमोर उभे राहून एकेक पायरी उलगडावी, अशी त्याची भाषा आहे. अवघड विषय सोपा करताना तो सवंग होऊ न देणे, हा या ग्रंथाचा गुण निर्विवाद आहे.

ग्रंथाचे विचारसूत्र दोन अपेक्षांत सामावलेले आहे. पहिली अपेक्षा अशी की, उत्तर भौतिकदृष्ट्या संभवनीय असावे. उदाहरणार्थ, ज्या पट्टीत उष्णतेचा उगम नाही तिच्या मधल्या बिंदूचे तापमान दोन्ही टोकांच्या तापमानांच्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. दुसरी अपेक्षा अशी की, वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांचा एकूण ताळेबंद जुळलाच पाहिजे, मग जाळी कितीही विरळ असो. या दोन अपेक्षांच्या पूर्ततेसाठी पाटणकरांनी चार नियम घालून दिले आहेत : शेजारच्या दोन कप्प्यांच्या सामाईक पृष्ठावरील आवक-जावक दोन्हींकडून सारखीच मोजली जावी, समीकरणातील सर्व सहगुणक धन असावेत, उगम-पदाचे रेषीय रूप घेताना त्याचा चढ ऋण असावा, आणि केंद्रबिंदूचा सहगुणक शेजाऱ्यांच्या सहगुणकांच्या बेरजेइतका असावा.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गणितज्ञ सामान्यतः जाळी अनंतपणे सूक्ष्म होत गेल्यास काय घडेल याचा विचार करतात. पाटणकर विचार करतात तो विरळ जाळीचा, कारण अभियंत्याच्या हाती प्रत्यक्षात तीच असते. अनंताकडे जाणारे गणित आणि आठवड्याच्या आत उत्तर मागणारा कारखाना यांच्यामध्ये त्यांनी पूल बांधला.

४. ग्रंथाचे बलस्थान

या भूमिकेचे महत्त्व दाब आणि वेग यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. एका ओळीतील बिंदूंवर दाब १००, ५००, १००, ५०० असा आलटून पालटून आहे असे समजा. वेगाचे समीकरण जर एक बिंदू सोडून पलीकडच्या दोन बिंदूंतील दाबाचा फरक घेत असेल, तर त्याला सर्वत्र फरक शून्यच दिसेल. बुद्धिबळाच्या पटासारखा हा विपरीत दाब गणनाच्या दृष्टीने सपाट ठरेल. अर्ध्या कप्प्याने सरकविलेल्या जाळीत वेगाचा बिंदू लगतच्या दोन दाबांच्या मध्ये येतो आणि ही फसगत टळते. पुढे १९८३ मध्ये र्‍ही व चाऊ यांनी एकाच जाळीवर हे साधण्याचा मार्ग दाखविला व गुंतागुंतीच्या भूमितीसाठी बहुतेक व्यापारी प्रणालींनी तो स्वीकारला. म्हणजे ग्रंथातील उपाय कालांतराने बदलला; परंतु अशी असंभवनीय उत्तरे मुळातच अडविली पाहिजेत, हा आग्रह टिकून राहिला. 'सिंपल' आणि तिची सुधारित रूपे आजही फ्लुएंट व ओपनफोम यांसारख्या प्रणालींत वापरात आहेत. एखाद्या पाठ्यग्रंथाच्या वाट्याला असे आयुष्य क्वचितच येते.

५. बलस्थानातून उद्भवणारी मर्यादा

तथापि, ग्रंथाचे जे बलस्थान तेच त्याच्या वारशातील सर्वांत मोठ्या धोक्याचेही स्थान आहे. हे समजून घेण्यासाठी या विद्येच्या इतिहासातील एक प्रसिद्ध चूक आठवावी लागते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्ड्सन यांनी २० मे १९१० या दिवसाच्या निरीक्षणांवरून मध्य युरोपातील हवेच्या दाबाचे भाकीत हाताने आकडेमोड करून काढले आणि १९२२ मध्ये ते आपल्या ग्रंथात छापले. गणनानुसार सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. आरंभीच्या निरीक्षणांतील असंतुलन हे या चुकीचे कारण होते, हे पुढे पीटर लिंच यांनी त्याच गणनाची पुनर्रचना करून दाखविले. येथे मुद्दा असा की, रिचर्ड्सन यांची चूक लपून राहू शकत नव्हती. १४५ मिलिबार हा आकडा पाहताच कोणीही म्हटले असते की, कोठेतरी बिघडले आहे.

पाटणकरांच्या नियमांनी अशा चुका जवळजवळ नाहीशा केल्या. तापमान मर्यादेत राहते, ताळेबंद जुळतो, आकृती सुरेख दिसते. परंतु असंभवनीय चुका नाहीशा झाल्या म्हणजे सर्व चुका नाहीशा झाल्या असे नव्हे. उरतात त्या संभवनीय चुका, आणि त्यांना ओळखण्याची खूणच शिल्लक राहत नाही. ताळेबंद जुळला म्हणून प्रत्येक नोंद खरी ठरत नाही, हे कोणताही हिशेबतपासनीस सांगेल. एकूण उष्णतेची आवक-जावक तंतोतंत जुळत असतानाही ती उष्णता आत कोठे साचली आहे हे गणन सपशेल चुकवू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'खोट्या विसरणा'चे आहे. वाहत्या द्रायूने एखादी गोष्ट वाहून नेण्याचा हिशेब करताना प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या कप्प्याचे मूल्य घेतले की सहगुणक धन राहतात आणि गणन स्थिर होते. प्रवाहाने होणारे वहन आणि विसरण यांच्या गुणोत्तरास पेक्ले संख्या म्हणतात. पाटणकरांची घातांकी पद्धती ही संख्या दहाच्या पुढे गेली की विसरण सोडून देऊन याच मार्गाने जाते. मात्र प्रवाह जाळीला तिरका असेल तर प्रत्येक कप्प्यात थोडे थोडे मिश्रण होत जाते. हे मिश्रण निसर्गात नसते. ते केवळ आकडेमोडीतून येते.

त्याचे प्रमाण किती असते? समजा, एका खोलीत हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने, दहा सेंटिमीटरच्या चौरस कप्प्यांच्या जाळीला ४५ अंशांत वाहत आहे. डी व्हाल डेव्हिस व मॅलिन्सन यांच्या १९७२ च्या परिचित सूत्रानुसार खोट्या विसरणाचा गुणांक सुमारे ०.०१८ चौरस मीटर प्रति सेकंद येतो. हवेची स्वाभाविक गतिज श्यानता सुमारे ०.००००१५ आहे. म्हणजे संगणकाने आपल्या पदरचे जे मिश्रण घातले ते मूळ श्यानतेच्या अकराशेपटींहून अधिक झाले. संक्षोभामुळे हवेची परिणामी श्यानता शंभरपट झाली असे धरले, तरी पेक्ले संख्या वीसच्या वर राहते आणि खोटे विसरण त्या वाढीव श्यानतेच्याही सुमारे बारापट भरते.

ही केवळ आकड्यांची बाब नाही. ही खोली रुग्णालयातील आहे आणि तेथे रुग्णाच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कणांचा मार्ग शोधायचा आहे, असे मानले तर परिणाम गंभीर ठरतो. खोट्या विसरणामुळे कणांचा पुंजका प्रत्यक्षापेक्षा अधिक पसरलेला आणि म्हणून अधिक विरळ दिसतो. ज्या खाटेजवळ कणांचे प्रमाण वास्तविक धोकादायक असेल तेथे पडद्यावर सौम्य निळा रंग दिसू शकतो. चूक येथे इशारा न देता दिलासा देते. २०२० नंतरच्या साथीच्या काळात बंदिस्त जागांतील वायुवीजनाच्या सदृशीकरणाला जे महत्त्व आले ते पाहता या मुद्द्याचे गांभीर्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पाटणकरांनी हा दोष लपविलेला नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. समान वेगाच्या उष्ण व थंड प्रवाहांच्या उदाहरणाने त्यांनी तो स्वतःच समजावून दिला आहे आणि त्याविषयीच्या काही रूढ गैरसमजांचे निरसनही केले आहे. आक्षेप आहे तो त्यांनी दिलेल्या महत्त्वक्रमाविषयी. सोव्हिएत गणितज्ञ गोडुनॉव्ह यांनी १९५९ मध्येच दाखविले होते की, नवे चढ-उतार निर्माण न करणारी रेषीय पद्धती पहिल्या कोटीहून अधिक अचूक असू शकत नाही. धन सहगुणकांचा नियम पाळायचा तर ही किंमत अटळ होती. ग्रंथात नियम ठळकपणे येतो. किंमत मात्र एका उपविभागात येते. अनेक वाचकांनी नियम उचलला आणि किंमत विसरली. अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेच्या द्रायू-अभियांत्रिकीविषयक नियतकालिकाला १९८६ मध्ये असे धोरण जाहीर करावे लागले की, संख्यात्मक अचूकतेची तपासणी न केलेले निबंध स्वीकारले जाणार नाहीत. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत ही वेळ यावी, हे पुरेसे सूचक आहे.

६. दुर्लक्षित राहिलेले पहिले प्रकरण

ग्रंथाचा दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे पहिले प्रकरण. त्यात गणन आणि प्रयोग यांची तुलना आहे. गणनाचा अल्प खर्च, वेग, संपूर्ण माहिती आणि वास्तव तसेच आदर्श परिस्थितींची कल्पना करण्याची सोय हे लाभ सांगितल्यावर पाटणकर समस्यांचे दोन गट करतात. पहिल्या गटात उष्णतेचे वहन, स्तरीय प्रवाह यांसारख्या, पुरेसे गणिती वर्णन उपलब्ध असलेल्या समस्या येतात. दुसऱ्या गटात जटिल संक्षोभी प्रवाह, काही द्विप्रावस्थी प्रवाह अशा समस्या येतात. यांचे वर्णनच अपुरे असते. दुसऱ्या गटात उत्तम गणनही अपुऱ्या वर्णनाचेच उत्तर देते. म्हणून गणन व प्रयोग यांचा योग्य मेळ घालावा, असे त्यांचे सांगणे आहे.

अभियांत्रिकी व्यवहारातील बहुसंख्य प्रवाह या दुसऱ्या गटातलेच असतात. तेथे संक्षोभासाठी प्रतिमाने वापरावी लागतात. लाँडर व स्पाल्डिंग यांच्या १९७४ च्या निबंधामुळे प्रसृत झालेले के-एप्सिलॉन प्रतिमान त्यांत सर्वाधिक परिचित आहे. त्यातील ०.०९, १.४४, १.९२ हे स्थिरांक निसर्गाचे नियम नव्हेत. ते साध्या प्रवाहांच्या मोजमापांशी जुळवून घेतलेले आकडे आहेत. प्रवाह साधा राहिला नाही की त्यांची मर्यादा उघड होते. नलिकेत मागे उतरणारी पायरी असेल तर प्रवाह तिच्या कडेपासून सुटतो आणि काही अंतरावर पुन्हा तळाला चिकटतो. किम, क्लाइन व जॉन्स्टन यांच्या १९८० च्या प्रयोगात हे अंतर पायरीच्या उंचीच्या सुमारे ७ पट आढळले. मूळ के-एप्सिलॉन प्रतिमान ते सामान्यतः ५ ते ६ पट एवढेच सांगते. जाळी कितीही सूक्ष्म केली तरी ही तफावत भरून निघत नाही, कारण दोष जाळीत नसून वर्णनात आहे. प्रवाह जेथे पुन्हा चिकटतो त्याच परिसरात पृष्ठभागाकडे होणारे उष्णतेचे स्थलांतर सर्वाधिक असते. त्यामुळे ज्या अभियंत्याला शीतनाची छिद्रे कोठे ठेवावीत हे ठरवायचे आहे त्याच्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

व्यवहारातील दोन उदाहरणे परस्परांशेजारी ठेवल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पहिले उदाहरण बोइंग कंपनीचे. तिच्या अभियंत्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार ७६७ विमानाच्या विकासात पंखांच्या ७७ प्रतिकृती वातविवरात, म्हणजे विंड टनेलमध्ये, तपासाव्या लागल्या होत्या. ७८७ च्या वेळी ही संख्या ११ वर आली. सदृशीकरणाचे यश सांगताना हे आकडे नेहमी दिले जातात व ते योग्यच आहे. परंतु संख्या ११ वर आली, शून्यावर नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रयोग कमी झाले, पण जे उरले त्यांचा भार वाढला; कारण गणनाने निवडलेल्या आकारांवर अखेरची मोहोर त्यांनीच उमटविली.

दुसरे उदाहरण मोटार शर्यतींचे. २०१० च्या फॉर्म्युला वन हंगामात व्हर्जिन रेसिंग या नव्या संघाने वातविवर टाळून केवळ संगणकीय द्रायुगतिकीच्या आधारे आपल्या गाडीची वायुगतिकीय रचना केली. त्या हंगामात संघाला एकही गुण मिळाला नाही व तो बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. २०११ च्या हंगामात संघाने त्या रचनाकारांशी असलेले संबंध संपविले आणि वातविवराचा मार्ग धरला. या अपयशाचे खापर केवळ गणनावर फोडणे अन्यायाचे होईल. संघ नवा होता, निधी तुलनेने कमी होता आणि आरंभी इंधनाची टाकीही लहान पडली होती. तरीही एक निरीक्षण उरते. गणनातील त्रुटी शर्यतीच्या मैदानावर कळण्यापूर्वी कळावी, अशी मधली पायरीच या कार्यपद्धतीत ठेवलेली नव्हती.

७. संभाव्य आक्षेपाचा विचार

यावर असा आक्षेप घेता येईल की, प्रयोग तरी कोठे निर्दोष असतो? हा आक्षेप रास्त आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत धरणे, सांडवे व बंदरे यांच्या लहान प्रतिकृतींवर अभ्यास करण्याची दीर्घ परंपरा आहे. या संस्थेचा आरंभ १९१६ मधला. सांडव्याच्या प्रतिकृतीत गुरुत्व आणि वेग यांचे प्रमाण राखता येते, परंतु पाण्याचे पृष्ठताण त्याच प्रमाणात लहान करता येत नाही. परिणामी प्रत्यक्ष सांडव्यावर पाण्यात जेवढी हवा मिसळते तेवढी लहान प्रतिकृतीत मिसळत नाही. म्हणजे प्रतिकृतीही एका अर्थाने सदृशीकरणच आहे आणि तिच्याही मर्यादा आहेत.

परंतु या तुलनेतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. प्रतिकृतीवर काम करणारा अभियंता प्रमाणदोषाचे भान बाळगतो, कारण ते त्याच्या शिक्षणाचाच भाग असते. संगणकीय गणनाच्या बाबतीत तसे भान अद्याप सार्वत्रिक झालेले नाही. शिवाय दोन्हींच्या चुका वेगळ्या कारणांनी होतात. म्हणूनच एकमेकांची परीक्षा घेण्यास त्या उपयोगी पडतात. या दृष्टीने पॅट्रिक रोच आदी अभ्यासकांनी रूढ केलेला भेद मोलाचा आहे. समीकरणे बरोबर सोडविली का, ही पडताळणी. आणि बरोबर समीकरणे सोडविली का, हे प्रमाणन. खोटे विसरण हा पडताळणीचा विषय आहे, तर पायरीमागील प्रवाह हा प्रमाणनाचा. रोच यांनी १९९४ मध्ये सुचविलेल्या जाळी-अभिसारिता निर्देशांकात अचूकतेची अनिश्चितता आकड्यात सांगण्याची सोय आहे. केवळ दोन जाळ्यांवरून अंदाज केला असेल तर ३, आणि तीन जाळ्यांवरून केला असेल तर १.२५ असा सुरक्षा-गुणक त्यांनी सुचविला. पुलाच्या तुळईला सुरक्षा-गुणक लावणाऱ्या अभियंत्याला गणनाच्या उत्तराला तो लावणे अवघड वाटू नये.

८. अध्यापनाच्या संदर्भात

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत संगणकीय सदृशीकरणाचा वापर आता सर्रास होतो. ओपनफोम ही प्रणाली २००४ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे आणि मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने तिच्या प्रसाराचे काम केले आहे. साधन स्वस्त झाले, ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र प्रकल्प-अहवालांत पुष्कळदा रंगीत आकृत्या असतात, पण एकाच प्रश्नाचे तीन जाळ्यांवरील उत्तर नसते. गणनातील अवशेष खाली आले, म्हणजे उत्तर बरोबर आले, असे मानले जाते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की, संगणकाने त्या विशिष्ट जाळीवरील समीकरणे सोडविली. असे गणन परीक्षेत खपून जाते. विद्यार्थी अभियंता झाल्यावर तेच गणन कारखान्यात, धरणावर किंवा रुग्णालयात जाते.

पाटणकरांनी ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात आज्ञावली लिहिण्याविषयी व तपासण्याविषयी सूचना दिल्या आहेत. ज्या काळात वाचकाला आज्ञावली स्वतःच लिहावी लागे त्या काळात ही तपासणी आपोआप घडत असे. स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीवर कोणीही सहजासहजी विश्वास ठेवत नाही. आज आज्ञावली तयार मिळते आणि अविश्वासाची ती सवय तिच्याबरोबर येत नाही. त्यामुळे ग्रंथाचे अध्यापन करताना केवळ पद्धती शिकविण्याऐवजी उष्णतेच्या वहनाची एक छोटी आज्ञावली विद्यार्थ्यांकडून लिहून घेणे, तिरक्या प्रवाहातील खोटे विसरण त्यांना स्वतः पाहू देणे आणि मोजमाप उपलब्ध असलेला एक तरी प्रवाह सोडवून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

९. निष्कर्ष

१) पाटणकरांच्या ग्रंथाने संगणकीय द्रायुगतिकीला भौतिक अर्थाचे अधिष्ठान दिले व ती अभियंत्यांच्या आवाक्यात आणली. पद्धतींचे तपशील बदलले असले तरी हे श्रेय अबाधित आहे.

२) संभवनीय उत्तराच्या आग्रहामुळे ढोबळ चुका टळल्या, परंतु उरलेल्या चुका ओळखणे त्यामुळेच कठीण झाले. अचूकतेची किंमत ग्रंथात पुरेशा ठळकपणे मांडलेली नाही, ही त्याची प्रमुख उणीव होय.

३) ज्या समस्यांचे गणिती वर्णनच अपुरे आहे त्यांविषयीचा ग्रंथातील इशारा व्यवहारात दुर्लक्षित राहिला. त्याचा दोष ग्रंथकर्त्याकडे जात नाही. तो वाचकांकडे आणि अध्यापकांकडे जातो.

४) सदृशीकरणाच्या कोणत्याही अहवालात जाळी बदलल्यास उत्तर किती बदलते, कोणत्या कोटीची पद्धती वापरली, संक्षोभाचे प्रतिमान कोणत्या प्रवाहांवर पारखलेले आहे आणि निदान एका ठिकाणी प्रत्यक्ष मोजमापाशी तुलना केली आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे असावीत. ती नसल्यास त्या अहवालावरून माणसांच्या सुरक्षिततेचा निर्णय घेतला जाऊ नये.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही हा ग्रंथ वाचनीय आहे. मात्र तो नियमांच्या प्रकरणापासून न वाचता पहिल्या प्रकरणापासून वाचला गेला पाहिजे.